हवेच्या निर्देशांकात न दिसणारे परागकण

ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरात २१ नोव्हेंबर २०१६ रोजी सायंकाळी विजांच्या कडकडाटासह वादळ आले. दिवसभर पारा ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास होता आणि उत्तरेकडून उष्ण, कोरडे वारे वाहत होते. वादळासरशी हवेत गारवा आला. उकाड्याने त्रासलेल्या शहराला हायसे वाटावे अशीच ती सायंकाळ होती. मात्र काही वेळातच रुग्णवाहिका सेवेकडे मदतीचे दूरध्वनी खणखणू लागले. श्वास घेता येत नाही, छाती आवळल्यासारखी वाटते, अशी एकच तक्रार चहूबाजूंनी येत होती. त्यानंतरच्या सुमारे ३० तासांत परिसरातील रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत श्वसनविकाराचे ३,३६५ रुग्ण नेहमीपेक्षा अधिक आले. दहा जणांना प्राण गमवावे लागले.

कोणत्याही कारखान्यातून विषारी वायू सुटला नव्हता की कोठे मोठी आग लागली नव्हती. या आपत्तीचे कारण होते गवत. शहराच्या उत्तरेस आणि पश्चिमेस पसरलेल्या कुरणांतील 'रायग्रास' या गवताचे परागकण त्या दिवशी हवेच्या प्रत्येक घनमीटरमागे १०० च्या वर गेले होते. ही पातळी तेथील मोजणीत सर्वाधिक धोक्याची मानली जाते. वादळाने हे परागकण फोडून त्यांचा अतिसूक्ष्म चुरा शहरावर आणून सोडला. वैद्यकीय परिभाषेत या घटनेला 'वादळजन्य दमा' असे म्हणतात. मेलबर्नमध्येच १९८७ आणि १९८९ साली, तर लंडनमध्ये जून १९९४ मध्ये अशा घटनांची नोंद झाली होती. परंतु २०१६ ची घटना ही आजवरची सर्वांत भीषण ठरली.

भारतीयांनी या घटनेकडे विशेष लक्ष देण्याचे कारण नंतरच्या वैद्यकीय पाहणीत पुढे आले. 'लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ' या नियतकालिकात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार मेलबर्नच्या लोकसंख्येत आशियाई व भारतीय वंशाच्या नागरिकांचे प्रमाण २५ टक्के होते. पाहणीतील रुग्णांमध्ये मात्र ते ३९ टक्के आढळले. मृत्युमुखी पडलेल्या दहापैकी सहा जण याच समूहातील होते. शिक्षण आणि नोकरीनिमित्त मेलबर्नमध्ये स्थायिक झालेल्या भारतीयांत मराठी कुटुंबेही मोठ्या संख्येने आहेत. त्यामुळे ही दूरदेशीची वार्ता म्हणून सोडून देता येण्यासारखी नाही. त्याहून महत्त्वाचा प्रश्न भारतातील हवेसंबंधीचा आहे. ज्या हवेला 'चांगली' असा शेरा मिळतो, ती प्रत्येकाच्या फुफ्फुसांसाठी चांगली असतेच असे नाही, हा या घटनेचा बोध आहे.

परागकण कसा फुटतो

गवताच्या फुलाला रंगीत पाकळ्या नसतात, सुगंध नसतो आणि मधही नसतो. कीटकांना आकर्षित करण्याची त्याला गरज पडत नाही, कारण त्याचे परागीभवन वारा करतो. वाऱ्यावर सोडलेल्या परागांपैकी फारच थोडे योग्य त्या फुलापर्यंत पोहोचतात. म्हणून गवताला ते लक्षावधींच्या संख्येने निर्माण करावे लागतात. निसर्गाची ही उधळपट्टी गवताच्या दृष्टीने आवश्यक असली, तरी ॲलर्जी असलेल्या माणसासाठी तीच त्रासदायक ठरते.

या त्रासाचा इतिहास दोनशे वर्षांचा आहे. लंडनचे वैद्य जॉन बोस्टॉक यांनी १८१९ मध्ये दर उन्हाळ्यात डोळे व छातीला होणाऱ्या विकाराचे वर्णन केले. रुग्ण ते स्वतःच होते. वाळलेल्या गवताशी संबंध जोडून या विकाराला पुढे 'हे फीवर' हे नाव पडले, जरी त्यात सहसा ताप येत नसला तरी. मँचेस्टरचे वैद्य चार्ल्स ब्लॅकली यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८७३ मध्ये दाखवून दिले की, या विकाराचे मूळ गवताच्या परागकणांत आहे. वरच्या थरांतील हवेत पराग असतात का, हे पाहण्यासाठी त्यांनी पतंगांचाही उपयोग केला होता.

मात्र एक कोडे बराच काळ कायम होते. गवताचा परागकण साधारण ३० ते ४० मायक्रॉन व्यासाचा, म्हणजे श्वसनमार्गाच्या दृष्टीने बराच मोठा असतो. तो नाकात आणि घशातच अडकतो. त्यामुळे शिंका, नाक वाहणे, डोळ्यांची आग हे त्रास समजू शकतात. परंतु फुफ्फुसांच्या खोल नलिकांपर्यंत तो पोहोचत नसेल, तर दमा कसा उसळतो? मेलबर्नमधील संशोधकांनी १९९२ मध्ये याचे उत्तर दिले. पाण्याशी संपर्क आल्यावर रायग्रासचा परागकण फुगून फुटतो आणि त्यातून सुमारे ७०० स्टार्चचे कण बाहेर पडतात. त्यांचा आकार तीन मायक्रॉनहूनही कमी असतो आणि ॲलर्जी निर्माण करणारी प्रथिने त्यांच्यावर असतात. हे कण श्वासनलिकेच्या अगदी टोकापर्यंत सहज जातात.

वादळात नेमके हेच घडते. वर चढणारी उष्ण हवा जमिनीलगतचे पराग उचलून ढगांपर्यंत नेते. तेथील आर्द्रतेत ते फुटतात. पुढे वादळाचा थंड झोत खाली कोसळून जमिनीवर पसरतो, तेव्हा हा चुराही त्याच्याबरोबर खाली येतो. जोरदार पाऊस हवा धुऊन काढतो खरा, पण पावसाच्या आधी सुटणारा हा गार वारा मात्र सर्वांत धोक्याचा असतो. सर्वसामान्यांना सुखद वाटणारी ती झुळूक दम्याच्या रुग्णाला महागात पडू शकते.

निर्देशांक काय मोजतो

भारतात राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांक २०१५ पासून प्रत्यक्ष वापरात आला. 'चांगली' पासून 'गंभीर' पर्यंतच्या सहा श्रेणींत तो हवेची स्थिती सांगतो. त्यासाठी पीएम १० व पीएम २.५ हे धूलिकण, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसे या आठ घटकांचा विचार केला जातो. सामान्य नागरिकाला एका आकड्यातून आणि एका रंगातून हवेची कल्पना देणारी ही व्यवस्था निश्चितच उपयुक्त आहे. दिल्लीसारख्या शहरात शाळा केव्हा बंद ठेवाव्यात, बांधकामे केव्हा थांबवावीत, हे निर्णय याच आकड्यांवर घेतले जातात. परंतु या आठ घटकांत परागकणांचा समावेश नाही.

हा केवळ यादीतील नामोल्लेखाचा प्रश्न नाही. धूलिकण मोजणारी यंत्रे परागकणांची दखल घेऊच शकत नाहीत, अशीच त्यांची रचना आहे. पीएम १० मोजणारे यंत्र दहा मायक्रॉनपेक्षा मोठे कण तोंडाशीच वेगळे काढते. त्यामुळे तीस-चाळीस मायक्रॉनचा अखंड परागकण त्यात शिरत नाही. तो फुटून त्याचा चुरा झाला, तर ते कण पीएम २.५ च्या मापात बसतात. पण हे यंत्र कणांची संख्या किंवा स्वरूप न पाहता एकूण वजनाचा हिशेब देते, आणि वजनात या चुऱ्याचे स्थान नगण्य असते.

एक ढोबळ गणित केले तरी हे स्पष्ट होते. ३५ मायक्रॉन व्यासाच्या एका परागकणाचे वजन सुमारे २२ नॅनोग्रॅम भरते. घनमीटरमागे १०० परागकण, म्हणजे मेलबर्नच्या त्या दिवसाइतकी धोक्याची पातळी धरली, तरी त्या सर्वांचे मिळून वजन दोन मायक्रोग्रॅमच्या थोडे वर जाते. भारतात पीएम २.५ ची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आणि पीएम १० ची १०० मायक्रोग्रॅम आहे. दोन मायक्रोग्रॅमची भर पडल्याने निर्देशांकाचा रंग बदलत नाही. थोडक्यात, अखंड असताना हा कण यंत्रासाठी फार मोठा असतो आणि फुटल्यावर फार हलका. दोन्ही अवस्थांत तो नजरेतून सुटतो. शरीराची प्रतिकारयंत्रणा मात्र वजन पाहत नाही, ती प्रथिन ओळखते.

निर्देशांकाचा हा दोष नव्हे. धूर, धूळ आणि वायू यांच्यासाठी तो तयार केलेला आहे आणि जगातील अनेक देशांत परागकणांची मोजणी स्वतंत्रपणेच होते. फरक इतकाच की, त्या देशांत ती होते.

भारतातील गवते आणि त्यांचे ऋतू

रायग्रास हे थंड हवामानातील गवत आहे. भारताच्या मोठ्या भागात वेगळ्या कुळशाखांतील, उष्ण कटिबंधाला मानवणारी गवते आढळतात. त्यांत सर्वांत परिचित आहे ती हरळी, अर्थात दूर्वा. रस्त्याकडेला, शेताच्या बांधावर, क्रीडांगणांवर आणि शहरांतील हिरवळींवर ती सर्वत्र असते. तिचे पराग ॲलर्जी निर्माण करतात, हे जगभर सिद्ध झालेले आहे. पूजेसाठी खुडली जाणारी तीन पात्यांची कोवळी दूर्वा त्याला कारण नसते. फुलोरा येईपर्यंत वाढू दिलेली हरळी हे परागांचे उगमस्थान असते. बरू, कुसळी यांसारखी रानगवते तसेच ज्वारी, बाजरी, मका आणि भात ही पिकेही याच तृणकुळातील आहेत.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर पावसाळ्यात वाढलेले गवत भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास फुलोऱ्यावर येते. कोकणात भात निसवते, पठारावर कुसळी तांबूस होऊ लागते. हाच काळ परतीच्या पावसाचा. ऑक्टोबरमधील उकाडा, दुपारनंतर दाटून येणारे ढग, विजा आणि वादळी वारे हे सारे त्याच आठवड्यांत येते. पुढे रब्बीची ज्वारी पोटऱ्यातून बाहेर पडून फुलते, तेव्हा सोलापूर, मराठवाड्याच्या शिवारांत परागांचा आणखी एक हंगाम येतो. उत्तर भारतात वसंत आणि शरद असे परागांचे दोन प्रमुख ऋतू मानले जातात. दिल्लीतील निरीक्षणांनुसार गवतांचा भर त्यांपैकी शरद ऋतूत असतो.

पावसाने धुऊन निघालेली हवा या दिवसांत डोळ्यांना स्वच्छ दिसते आणि अनेक शहरांत निर्देशांकही समाधानकारक असतो. 'हवाबदल' म्हणून दुर्लक्षिले जाणारे सर्दी, खोकला आणि दम आणखी कशाचे लक्षण असू शकतात, याचा विचार अशा वेळी सहसा होत नाही.

येथे एका समजाबाबत खुलासा आवश्यक आहे. महाराष्ट्रात ॲलर्जीच्या संदर्भात 'गाजर गवत' किंवा 'काँग्रेस गवत' या तणाचे नाव सर्वाधिक घेतले जाते. १९५५ मध्ये पुण्यात प्रथम नोंदले गेलेले हे परकीय तण त्वचेच्या व श्वसनाच्या विकारांना कारणीभूत ठरते, हे खरे आहे. परंतु नावात गवत असले तरी ते गवत नव्हे, ते सूर्यफुलाच्या कुळातील आहे. त्याचे पराग, त्यातील प्रथिने आणि त्याचा ऋतू हे सर्व वेगळे. गाजर गवताचे निर्मूलन केले म्हणजे गवताच्या परागांचा प्रश्न सुटला, असे होत नाही.

निदानाच्या दृष्टीनेही हा भेद महत्त्वाचा आहे. रायग्रास व टिमथीसारख्या थंड प्रदेशांतील गवतांत आढळणारे एक प्रमुख ॲलर्जीकारक प्रथिन हरळीसारख्या गवतांत नसते. परदेशी गवताच्या अर्कावर केलेली त्वचाचाचणी म्हणूनच भारतीय रुग्णाचे पूर्ण चित्र दाखवीलच, याची खात्री देता येत नाही. उलट, भारतातून परदेशी गेलेल्या व्यक्तीला तेथील गवताशी प्रथमच संपर्क आल्यावर काही वर्षांत नव्याने त्रास सुरू होतो, असे ऑस्ट्रेलियात गेलेल्या आशियाई स्थलांतरितांच्या बाबतीत दिसून आले आहे. मेलबर्नच्या आकड्यांमागील एक कारण हेही असू शकते.

धूर, उष्मा आणि पराग

परागकणांचा आणि प्रदूषणाचा विचार दोन स्वतंत्र कप्प्यांत करण्याची पद्धत आता मागे पडू लागली आहे. डिझेलच्या धुरातील काजळीच्या कणांना रायग्रासचे ॲलर्जीकारक प्रथिन चिकटते, असे १९९७ मध्ये प्रयोगशाळेत दाखविण्यात आले. काजळीचा कण अशा रीतीने त्या प्रथिनाचे वाहन बनतो. ओझोन आणि नायट्रोजन डायऑक्साइड यांच्यामुळे श्वासनलिकेचे अस्तर आधीच दाहग्रस्त झालेले असते. अशा अस्तरावर थोडासा परागही तीव्र प्रतिक्रिया घडवू शकतो. उत्तर भारतात शरदातील परागांचा हंगाम सरता सरता शेतातील धसकटे जाळण्याचा काळ सुरू होतो. आधी परागांनी चिडलेल्या फुफ्फुसांवर नंतर धुराचा मारा होतो.

हवामानबदलामुळे या प्रश्नाला आणखी एक परिमाण प्राप्त झाले आहे. उत्तर अमेरिकेतील १९९० ते २०१८ या काळातील नोंदींचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. परागांचा हंगाम तेथे सुमारे २० दिवस लवकर सुरू होऊ लागला आणि हवेतील परागांचे प्रमाण सुमारे २१ टक्क्यांनी वाढले, असे त्यात आढळले. कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण वाढविलेल्या कक्षांत टिमथी गवत वाढविले असता प्रत्येक फुलोऱ्यामागे परागनिर्मिती जवळपास निम्म्याने वाढल्याचे २०१४ च्या एका प्रयोगात दिसून आले. हे निष्कर्ष थंड प्रदेशांतील आहेत आणि भारताला ते जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. पण तेथे हा बदल ध्यानात आला, तो अनेक दशके परागांची रोजची मोजणी चालू होती म्हणून. ज्या देशात सलग मोजणी नाही, तेथे असा बदल घडला तरी तो कळणार कसा, हा खरा प्रश्न आहे.

निदानाअभावी वाढणारा धोका

मेलबर्नच्या पाहणीतील आणखी दोन आकडे विचार करायला लावणारे आहेत. ज्या रुग्णांकडून प्रश्नावली भरून घेण्यात आली, त्यांपैकी केवळ २८ टक्के व्यक्तींना दमा असल्याचे डॉक्टरांनी आधी निदान केलेले होते. उरलेल्यांपैकी बहुतेकांना ऋतुमानानुसार होणारी सर्दी आणि शिंका एवढाच त्रास माहीत होता. दुसरे म्हणजे, ३५ रुग्णांना अतिदक्षता विभागात दाखल करावे लागले. त्या सर्वांना दमा होता, पण श्वासावाटे घ्यावयाचे प्रतिबंधक औषध त्यांपैकी केवळ १२ जण घेत होते. या ३५ पैकी पाच जण दगावले. परागांनी निमित्त दिले, पण उपचारातील उणिवेमुळे त्याची तीव्रता वाढली, असा याचा अर्थ निघतो.

या कसोटीवर भारताची स्थिती चिंताजनक आहे. २०१९ च्या जागतिक रोगभार अंदाजांनुसार भारतात दम्याचे सुमारे ३ कोटी ४० लाख रुग्ण असून जगातील एकूण रुग्णसंख्येत त्यांचा वाटा सुमारे १३ टक्के आहे. दम्याने होणाऱ्या जागतिक मृत्यूंतील भारताचा वाटा मात्र ४० टक्क्यांहून अधिक आहे. ग्लोबल ॲस्थमा नेटवर्कच्या भारतातील पाहणीत छातीत घरघर होत असलेल्या ८२ टक्के व्यक्तींचे दमा म्हणून निदानच झालेले नव्हते. श्वासावाटे घ्यावयाचे प्रतिबंधक औषध रोज घेणाऱ्यांचे प्रमाण अडीच टक्क्यांहूनही कमी होते.

यामागे औषधांच्या किमतीइतकाच गैरसमजांचाही वाटा आहे. 'पंपाची सवय लागते', 'पंप म्हणजे शेवटचा उपाय', 'मुलीच्या लग्नाच्या वेळी अडचण येईल' अशा समजुतींमुळे अनेक कुटुंबांत हा आजार दडविला जातो. धाप लागली की तात्पुरता आराम देणारी गोळी किंवा इंजेक्शन घ्यायचे आणि बरे वाटताच उपचार थांबवायचे, हा परिपाठ सर्वत्र दिसतो. वस्तुतः श्वासावाटे घेतलेल्या औषधाची मात्रा गोळीच्या तुलनेत अत्यल्प असते आणि ते थेट श्वासनलिकेवर काम करते. परागांचा हंगाम सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरांच्या सल्ल्याने हे औषध नियमित घेतल्यास आकस्मिक झटक्याचा धोका पुष्कळ कमी होतो. दरवर्षी ठरावीक महिन्यांत शिंका आणि खोकल्याने हैराण होणाऱ्या व्यक्तीने छातीची तपासणी एकदा तरी करून घेणे, हा मेलबर्नचा सर्वांत सोपा धडा आहे.

मोजणीची परंपरा आणि आजची गरज

भारतात या विषयावर काम झालेले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. दिल्लीतील वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये गेल्या शतकाच्या उत्तरार्धापासून परागजन्य ॲलर्जीचा अभ्यास होत आला आहे. तत्कालीन मराठवाडा विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ एस. टी. टिळक यांनी १९७० च्या सुमारास आपल्या सहकाऱ्यासह हवेतील पराग व बुरशीचे बीजाणू टिपणारे यंत्र तयार केले. 'टिळक एअर सॅम्पलर' या नावाने ते देशभरातील संशोधकांनी वापरले. १९९० च्या दशकात पर्यावरण मंत्रालयाने हवेतील ॲलर्जीकारक घटकांवर अखिल भारतीय समन्वित प्रकल्पही राबविला. परंतु ही कामे बहुतांशी संशोधन प्रकल्पांच्या स्वरूपाची होती. प्रकल्प संपला की नोंदीही थांबत आणि सर्वसामान्य नागरिकाच्या हाती त्यातून रोजची माहिती येत नसे.

या पार्श्वभूमीवर चंडीगडचा उपक्रम उल्लेखनीय ठरतो. तेथील पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्था आणि पंजाब विद्यापीठ यांच्या संशोधकांनी हवेतील परागांच्या प्रत्यक्ष नोंदी घेऊन शहराचे 'पराग पंचांग' तयार केले आणि ते २०२२ मध्ये जाहीर झाले. कोणत्या महिन्यात कोणत्या वनस्पतीचे पराग हवेत अधिक असतात, हे त्यातून समजते. रुग्णाने औषध केव्हा सुरू करावे, बाहेरची कामे केव्हा टाळावीत, याचा निर्णय त्यावरून घेता येतो. प्रत्येक शहराची वनस्पतिसृष्टी आणि हवामान वेगळे असल्यामुळे चंडीगडचे पंचांग पुण्याला किंवा नागपूरला चालणार नाही. ते ज्या त्या ठिकाणीच तयार करावे लागेल.

हे काम फारसे खर्चिक नाही. ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. एम. हर्स्ट यांनी १९५२ मध्ये तयार केलेल्या यंत्राच्या धर्तीवरील उपकरणे आजही जगभर वापरली जातात. ठरावीक वेगाने हवा आत ओढायची, चिकट पट्टीवर कण टिपायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते मोजायचे, एवढीच त्याची पद्धत आहे. तृणकुळातील सर्व पराग सूक्ष्मदर्शकाखाली जवळपास एकसारखे, गोल आणि एकाच छिद्राचे दिसतात. त्यामुळे ते हरळीचे की ज्वारीचे हे त्यावरून ओळखता येत नाही, ही या पद्धतीची मर्यादा आहे. तथापि, धोक्याची पातळी समजण्यासाठी एकूण संख्याही पुरेशी असते. स्वित्झर्लंडच्या हवामान विभागाने २०२३ पासून पराग स्वयंचलितपणे मोजणारे राष्ट्रीय जाळे सुरू केले आहे. भारताने आरंभ त्यापासूनच करावा असे नाही. वनस्पतिशास्त्र विभाग असलेली विद्यापीठे आणि वैद्यकीय महाविद्यालये एकत्र आली, तर प्रत्येक प्रमुख हवामान विभागात एखादे केंद्र चालविणे अशक्य नाही.

दुसरी जमेची बाजू म्हणजे या साखळीतील इतर दुवे देशात आधीच अस्तित्वात आहेत. भारतीय हवामानशास्त्र विभाग वादळांचे अल्पकालीन अंदाज देतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने हवेच्या गुणवत्तेच्या अंदाजासाठी 'सफर' ही प्रणाली आणि विजेच्या पूर्वसूचनेसाठी 'दामिनी' हे मोबाइल ॲप विकसित केले आहे. व्हिक्टोरिया राज्याने २०१६ च्या आपत्तीनंतर एका वर्षाच्या आत, म्हणजे १ ऑक्टोबर २०१७ पासून, परागांची मोजणी आणि वादळाचा अंदाज यांची सांगड घालून वादळजन्य दम्याचा इशारा देणारी व्यवस्था सुरू केली. दरवर्षी ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात तेथे हिरवा, नारिंगी व लाल अशा तीन पातळ्यांत हा अंदाज दिला जातो. तेथे राहणाऱ्या भारतीयांनी तो रोज पाहण्याची सवय लावून घ्यावी. भारतात यांपैकी वादळाचा दुवा भक्कम आहे, उणीव आहे ती परागांच्या नियमित नोंदीची.

गवत शत्रू नव्हे

या चर्चेतून गवताविषयी भीती निर्माण होऊ नये, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. सोलापूर, अहिल्यानगर, पुणे या जिल्ह्यांतील गवताळ माळराने पशुपालकांचा आधार आहेत आणि काळवीट, माळढोक यांसारख्या प्राण्यापक्ष्यांचे ते घर आहे. 'पडीक जमीन' असा शिक्का मारून या माळांची आधीच मोठी हानी झालेली आहे. परागांचे निमित्त करून गवत जाळणे किंवा उखडणे हा उपाय नव्हे. गवत जाळल्याने निर्माण होणारा धूर दम्याच्या रुग्णाला परागांहून कमी घातक नसतो आणि उघडी पडलेली माती धुळीत भरच घालते.

शहरांत मात्र साधे उपाय योजता येतात. उद्याने, दुभाजक आणि क्रीडांगणे यांवरील हिरवळ फुलोरा येण्यापूर्वी कापली, तर परागांचे प्रमाण उगमापाशीच कमी होते. गवत कापण्याचे काम शाळा भरण्याच्या वा सुटण्याच्या वेळी न करणे, ते करणाऱ्या कामगारांना मुखपट्टी पुरविणे, ही खबरदारी स्थानिक स्वराज्य संस्थांना सहज घेता येईल. ज्यांना त्रास आहे त्यांनी परागांच्या हंगामात वादळापूर्वीचा वारा सुटताच घरात जावे, खिडक्या बंद ठेवाव्यात आणि आराम देणारे औषध जवळ बाळगावे. शेतकरी आणि गवत कापणारे मजूर यांना घरात बसून राहता येत नाही. म्हणूनच त्यांच्यापर्यंत निदान आणि प्रतिबंधक औषध प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत पोहोचणे अधिक आवश्यक आहे.

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून देशातील हवेचा विचार प्रामुख्याने धूलिकणांच्या संदर्भात होत आहे आणि तो आवश्यकच आहे. परंतु स्वच्छ हवेची व्याख्या अखेर माणसाच्या श्वासावरून ठरते. परागकण नष्ट करता येत नाहीत आणि करूही नयेत. त्यांच्या येण्याची वेळ मात्र आधी सांगता येते. मेलबर्नने दहा जीव गमावल्यानंतर ही व्यवस्था उभारली. शरदातील एखाद्या वादळी सायंकाळी भारतातील एखाद्या शहरावर तशी वेळ येण्याची वाट न पाहता मोजणीला आरंभ करणे शहाणपणाचे ठरेल.